दोनशे अंशांवरचे पंधरा दिवस

भट्टीत एकच जागा उरली होती, आणि जर्मनीतल्या म्युन्स्टरच्या विद्यापीठाच्या तळघरात दोघं संशोधक आपापली पोलादी डबी धरून उभे होते.

"आधी मी आलेय," विब्के म्हणाली.

"आलात खऱ्या, पण चिमटा माझ्याकडे आहे," हेनिंग म्हणाला आणि हसला... त्याच्या भिजल्या स्वेटरचा लोकरी वास तिला तेवढ्या उकाड्यातही आवडला.

शेवटी डब्या आडव्या करून दोन्ही बसवल्या. दोन्हींत एकाच स्फटिकाचे तुकडे होते. अणुभट्टीचा कचरा हजारो वर्षं ज्याच्या पोटात कोंडायचा, तो स्फटिक. सोबत आम्लाचं पाणी, दोनशे अंश, पंधरा दिवस. हेनिंगचं म्हणणं, स्फटिकाचा सांगाडा जागच्या जागी राहतो, पाणी आतले अणू तेवढे ओढून नेतं. विब्केचं म्हणणं, छे, सांगाडाच विरघळतो आणि तिथल्या तिथे नवा बसतो.

"म्हणजे आख्खा बदलतो, आणि चेहरा तोच? असं माणसांचं होतं बाई, दगडाचं नाही."

"तुमचं झालंय कधी?"

तो चिमटा पुसत राहिला – पुसायला काही नव्हतं तरी.

मग दोघं रोज भट्टी "बघायला" यायचे. बंद भट्टीत बघण्यासारखं काय असतं? एका थर्मासातली कॉफी संपेपर्यंत 'तुम्ही'चं 'तू' झालं. हेनिंगचा त्याच म्हणण्यावरचा पीएच.डी.चा प्रबंध बांधायला गेला होता. सोमवारी तो द्यायचा, की मग ऑस्ट्रेलियातली नोकरी.

पंधरा दिवस भरले, त्या गुरुवारी विब्केनं आपला स्फटिक कापून तपासला. पाण्यात तिनं खुणेचा, जड ऑक्सिजन मिसळला होता. तो स्फटिकाच्या कडेत ठासून भरला होता आणि आत रेघ मारावी तसा एकदम थांबला होता. नुसते अणू ओढले गेले असते, तर तो आत हळूहळू विरळ होत गेला असता. सांगाडा नवाच होता. हेनिंगचा प्रबंध चुकला होता.

सोमवारपर्यंत गप्प राहिलं तर? तो हसत निघून गेला असता...

तिनं कापलेल्या स्फटिकाचा फोटो त्याच्यापुढे ठेवला. त्यानं तो दिव्याखाली धरून ती रेघ बोटानं माग काढत पाहिली.

"सोमवारनंतर सांगितलं असतंस तरी चाललं असतं."

"मग तुला पत्र लिहिताना दर वेळी हे लपवावं लागलं असतं."

"पत्रं लिहिणार होतीस?"

विब्के लालेलाल. "रोज नाही... एक दिवसाआड."

"नव्यानं करायचं तर सहा महिने. ऑस्ट्रेलियावाले थांबायचे नाहीत बहुतेक." त्यानं कोट उचलला. "चल, प्रबंध परत आणू, बांधणारा सहाला दुकान बंद करतो!"

भर पावसात ती सायकलच्या मागे एका बाजूला बसली, त्याचा कोट मुठीत धरून.

ऑस्ट्रेलियावाले खरंच थांबले नाहीत. त्यांचं नकाराचं पत्र आलं एप्रिलमध्ये. हेनिंगनं ते वाचलं, नीट घडी घातली.

"रविवारी आई पांढऱ्या शतावरीची भाजी करतेय, हंगामातली पहिली," तो म्हणाला. "चौघांपुरती आणलीय तिनं. घरात आम्ही... तिघंच आहोत."

त्यानंतर विब्केनं त्याच टेबलावर शंभरदा शतावरी खाल्ली असेल. त्या रविवारची जरा करपली होती, आणि तिनं दोनदा मागून घेतली.