मतदानाची गाडी

ललित, उद्या मतदार आणायला तुझी गाडी लागलीये म्हणे. मग तो मोबाइल ठेव खाली आणि ऐक. मयुरी, तूही बस. झोप उडाली तर मला बोलायचं नाही.

आमच्या गावातलं आहे हे, सोनगीरच्या अलीकडचं. माझ्या शेजारचा नवल. २०१९ची विधानसभा, एकवीस ऑक्टोबर, सोमवार. मतदार ने-आण करायची गाडी नवलकडे आणि मी शाळेबाहेरच्या टेबलावर, यादी घेऊन. कोण आलं, कोण राहिलं, सगळ्या खुणा माझ्याकडे.

दुपारी त्यानं भिकुबाईला आणलं. म्हातारी एकटीच राहायची, पोरगा सुरतला. सकाळपासून तिच्या छातीत दुखत होतं. आधी मत दे, मग धुळ्याला दवाखान्यात नेतो, असं कबूल करून नवलनं तिला गाडीत घातलं होतं. मत देऊन बिचारी परत मागच्या सीटवर बसली आणि म्हणाली, "नवल, आते दवाखानामा लई चाल रे बाप."

नवलनं माझ्याकडे बघितलं. मी यादी बघितली. सात नावं राहिली होती, ती मीच वाचून दाखवली.

"सात बाकी शेतस, आजी. मंग दवाखाना," नवल म्हणाला.

लांबच्या मळ्यांतली माणसं ती. फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या आणि म्हातारी मागे तशीच बसून. दर फेरीला विचारायची, किती राहिले रे? शेवटच्या फेरीला तिनं विचारलं नाही. आम्हाला वाटलं, डोळा लागला असेल.

आमचा माणूस निवडून आला. गुलाल उधळला, मीही नाचलो. भिकुबाईचं नाव कुणी काढलं नाही. लाज वाटते मला त्याची, आजही वाटते.

आता पुढचं. २०२४, वीस नोव्हेंबर, बुधवार. मतदान संपलं, मशिनं सील होऊन गेली, शाळेला कुलूप लागलं. रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी नवलच्या बायकोला, रत्नाला, कळा सुरू झाल्या. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर पहिल्यांदा दिवस गेले होते. नवलनं जरासुद्धा वेळ घालवला नाही, लगेच गाडी काढली. गाडी तीच. रत्नाजवळ मागे आमच्या गल्लीतली पुष्पाबाई बसली. गाडीतलं सगळं मी तिच्याच तोंडून ऐकलंय आणि ती खोटं बोलत नाही.

मी मोटारसायकलवर मागून निघालो. अर्ध्या-पाऊण तासात धुळ्याला दवाखान्यात पोचलो. वाटेत गाडी कुठे दिसली नाही. दवाखान्यातही नव्हती. फोन लागेना.

इकडे नवलनं हायवेचं वळण घेतलं होतं, आणि उजेडात समोर आमची शाळा. चुकलो म्हणाला. वळवली. परत वळण… परत शाळा. रत्ना ओरडत होती. पुष्पाबाईनं कुठे निघालास म्हणून हटकलं, "आरे, कथा चालना तू?"

तिसऱ्यांदा शाळेसमोर गाडी आपोआप बंद पडली.

दिवे गेले.

मागच्या सीटवर दोघीच होत्या. पुष्पाबाईला मात्र सरकावं लागलं. कुणीतरी दाटून बसलं होतं. थंडगार…

नवलनं मागे वळून बघितलं नाही. त्याला कळलं होतं.

"आजी, पाया पडस. तिनं काय करं? तिले सोड."

…

…

"एक बाकी शे, नवल. मंग दवाखाना."

एवढंच. रत्नाचं ओरडणं थांबलं.

गाडी कधी सुरू झाली, पुष्पाबाईला सांगता येत नाही. दवाखान्याच्या दारात आली तेव्हा तीन वाजून गेले होते. डॉक्टर म्हणाले, दोन तास आधी आणायला हवं होतं. रत्ना वाचली. पोर हातीच लागलं नाही. मुलगा होता.

नवल भिंतीला टेकून बसला होता, त्याला उठवेना. म्हणून नर्सनं ते गाठोडं माझ्या हातात दिलं. तिनं मला विचारलं, "हे कुणी केलं?" मला कळेना ती काय विचारते. मग तिनं फडकं बाजूला केलं.

डाव्या हाताचं पहिलं बोट. नखावरून खाली कातडीपर्यंत शाईची रेघ.

मी अंगठ्यानं पुसून बघितलं. ओली होती.