तीकुएखालचं केळीचं पान

सुई यान खाजगी तपास करणाऱ्या ओंगबाईंच्या ऑफिसात आली ती डोळे सुजवूनच. सातवा महिना, त्यात मेलबर्नचा उन्हाळा. बाईंनी आधी तिला पंख्यासमोर बसवलं.

मलेशियातल्या पेनांगहून आईचं चिनी नवीन वर्षाचं पार्सल आलं होतं आणि क्वारंटाइनवाल्यांनी ते जाळलं होतं. आत तीकुए होते, तांदळाचे चिकट गोड केक, आणि त्यांना खालून केळीची पानं. पानातून कीड येते, म्हणून इथे पान चालत नाही.

"पहिल्या वर्षी असंच जळलं होतं. तेव्हापासून आई माझा केक कागदातच वाफवते," सुई यान म्हणाली. "ती विसरायची नाही. हे वहिनीचं काम. मावशी, आईच्या हातचा घास माझ्या तोंडातून कुणी काढला, एवढंच मला कळू द्या."

ओंगबाईंचा मदतनीस हीली टेबलावरचा तीकुए चापत होता. ट्राम चालवून रिटायर झालेला हा माणूस मनाचा सोन्यासारखा, पण डोकं चालायचं थांब्याथांब्यानं. तो केक शेजारणीनं दिलेला. ओंगबाईंचे यजमान गेले होते, त्यामुळे यंदा त्यांच्या घरी केक वाफवायचा नव्हता.

क्वारंटाइनच्या अधिकाऱ्यानं फोनवर सांगितलं, केक तीन होते, तिन्हींचा आकार निराळा, रंगही निराळा. वरून साधा खाकी कागद, सणाच्या पार्सलला असते तशी लाल चिंधीही नाही.

वहिनीला विचारलं, तर पार्सल आपणच बांधलं म्हणाली. नियम ठाऊक नव्हता म्हणाली. नणंदेनं आरोप केलाय हे कळल्यावर भांडली मात्र नाही, नुसती रडली.

भावानं व्हिडिओवर घर दाखवलं. आईला हल्ली ऐकू येत नाही, म्हणून ती फोनवर येत नाही, असं त्याचं म्हणणं. सणाचे दिवस असून दारावर लाल कापड नव्हतं. रंगकाम काढलंय म्हणे.

"वहिनीच," हीली म्हणाला. "कबूलच केलं की तिनं."

ओंगबाई खुर्ची ओढून सुई यानच्या शेजारी बसल्या आणि तिचा हात हातात घेतला.

"एका घरात तीन तऱ्हेचे केक वाफवत नाहीत, बाळ. ते तीन घरांतून आलेत. सणाला दारावर लाल कापड नाही, पार्सलला लाल चिंधी नाही. आणि शेजारी केक कुणाच्या घरी नेऊन देतात?"

हीलीनं हातातल्या तुकड्याकडे पाहिलं. त्याच्याही लक्षात आलं, आणि त्यानं तो खाली ठेवला.

"ज्यांना वर्षभर स्वतः करायचा नसतो त्यांच्या," सुई यान म्हणाली.

तिनं स्वतःच फोन लावला. वहिनीनं आता काही लपवलं नाही. आई पावसाळ्यातच गेली होती. सुई यानची आधीची दोन बाळं राहिली नव्हती, म्हणून बाळंतपण होईपर्यंत तिला सांगू नका, असं आईनंच बजावलं होतं. आणि पोरीचा केक चुकवू नका, असंही.

"घरात सुतक, मला वाफवता येत नव्हता गं," वहिनी म्हणाली. "शेजारच्यांनी आम्हाला दिले, ते सगळे तुलाच पाठवले. पानाचं आईंनी मला कधी सांगितलंच नव्हतं."

सुई यान पोटावर हात ठेवून हमसून हमसून रडली. ओंगबाईंनी तिला रडू दिलं. मग शेजारणीच्या केकचा एक तुकडा कापून तिच्यापुढे ठेवला.

"खा," त्या म्हणाल्या. "यंदा तुलाही दुसऱ्याच्याच घरचा खायचाय."