तीन हजार गाड्यांचा भाव

चाकणच्या विद्युतवाहन मूल्यांकन प्रयोगशाळेत डॉ. मृणाल ठोसर सकाळपासून तेच ते सांगून कंटाळल्या होत्या. आता समोर नारायणगावचे रज्जाक शिकलगार. पंधरा वर्षं शाळेच्या मुलांची ने-आण करून कंबर कामातून गेलेली. इलेक्ट्रिक गाडी चार लाखांना गेली की पिठाची गिरणी घ्यायची आणि स्टिअरिंग कायमचं सोडायचं, एवढंच त्या बिचाऱ्याला हवं होतं.

"सोमवारी भाव चार लाख दहा होता मॅडम, आज तीन बासष्ट! बॅटरीला काय धाड भरली?"

"बॅटरी ठणठणीत आहे हो. कंपनीने काल नव्या गाडीची किंमत उतरवली. नवी स्वस्त झाल्यावर जुनीला कोण विचारतो? शिवाय अजून उतरेल म्हणून गिऱ्हाईक थांबून राहतं."

"पण कंपनीला ही दुर्बुद्धी सुचली कुठून?"

"भावयंत्रामुळे," संगणकावरून मान न उचलता कुलदीप तांबट म्हणाला. यंत्राची देखभाल त्याच्याकडे होती. "जिल्ह्यातल्या जुन्या गाड्यांचा भाव ते काढतं. कुणी भाव विचारला की एक विकणारा वाढला, असं धरतं आणि भाव पाडतं. जुनी स्वस्त झाली की नवी पडून राहते. म्हणून कंपनी नवी उतरवते, आणि त्याने जुनी आणखी उतरते."

आता यंत्राला काय ठाऊक, आपल्याकडे वांगी घ्यायची नसली तरी माणूस भाव विचारून पुढे जातो!

रज्जाकभाई म्हणाले, "या अल्ला! जिल्ह्यातल्या शाळागाड्यांच्या संघटनेचा मी अध्यक्ष. तीन हजार गाड्या. मीच सगळ्यांना सांगितलं, रोज दोनदा फोनवर भाव काढत जा, विचारायला काय पैसे पडतात."

"त्यातल्या विकायच्या किती होत्या?" मृणालताईंनी विचारलं.

"माझी एकट्याची."

कुणाला हसूही येईना. विचारणं थांबलं तर महिन्याभरात भाव सावरेल, असं तांबट म्हणाला. रज्जाकभाईंनी लगेच संघटनेच्या ग्रुपवर बोलून निरोप पाठवला, "भावांनो, हात जोडतो, कुणी भाव बघू नका. बघितला की उतरतो. माझ्या गिरणीचा प्रश्न आहे."

चहा आला. तो पिऊन होईपर्यंत तांबटच्या पडद्यावर आकडे धावू लागले. दहा मिनिटांत दोन हजार सातशे चौकश्या. भाव तीन एकवीस.

रज्जाकभाईंचा फोन वाजला. ओतूरच्या एका चालकाचा निरोप होता, "अध्यक्ष, तुमचं खरं आहे. आत्ताच बघितला, उतरलाय. थांबा, परत एकदा बघून सांगतो."