हळदी ओढणीची खूण

त्या सकाळी मी एका माणसाला कृष्णेतून ओढून काढलं, आणि तो बुडतच नव्हता! आता ह्यात माझी काय चूक, तुम्हीच सांगा.

थंडीचे दिवस होते. पाण्यावर धुकं साचलेलं. महापुरानंतर आमच्या सांगलीतल्या खणभागातल्या पोरांनी मिळून बचाव पथक काढलंय, आणि दर रविवारी आम्ही सरकारी घाटावर रबरी बोट पाण्यात उतरवून सराव करतो. पथकाचा म्होरक्या गुंडादादा. मुलगी मी एकटीच, म्हणून माझा उत्साह सगळ्यांपेक्षा जरा जास्तच.

बोट नदीच्या मध्यावर आली तर समोर पाण्यावर एक माणूस उताणा पडलेला. हात गप्प, पाय गप्प, डोळे मिटलेले, आणि हळूहळू बंधाऱ्याकडं सरकत चाललेला. मी पुढचामागचा विचार केला नाही, उडीच टाकली. शिकवल्याप्रमाणं हनुवटीखाली हात घातला आणि त्याला ओढत ओढत घाटापर्यंत आणला. बाबा काही बोलेना, हलेना. पायरीवर आडवा केला, छातीवर दोन्ही हात ठेवले... आणि त्यानं शांतपणे डोळे उघडले.

"छाती नका दाबू, मॅडम. फासळी मोडली तर सैन्याला जाब द्यावा लागंल."

"तुमी... तुमी जिवंत हाय?"

"व्हय. मघापासनं."

मागून गुंडादादा धापा टाकत आला आणि पोट धरून हसायला लागला. "अगं अल्फे, कुणाला वाचवलंस? आपल्या गल्लीतल्या परवीनआपाचा भाऊ हाय तो, फरदीन! सैन्यात हाय, पाठीवर पोहण्यात देशात पहिला नंबर हाय गड्याचा!"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. पण गप्प बसेन तर मी अल्फिया कसली?

"मग तोंड न्हवतं का? सांगायचं की, बुडत न्हाई म्हणून!"

"सांगणार हुतो," तो ओले केस मागं सारत म्हणाला. "पण तुमी इतक्या मनापासनं वाचवत होता... मधीच थांबवणं बरं दिसलं नसतं."

आणि हसला. डाव्या गालावर एवढीशी खळी. मी लगेच नदीकडं बघायला लागले.

घाटावरच्या गाड्यावर चहा घेताना मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. मगरी आहेत इथं, ठाऊक आहे का? पलीकडच्या काठाला सांगलीवाडीला जायचं तर बंधाऱ्याकडं कशाला मरायला निघाला होतात? तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

"तीच तर गंमत हाय, मॅडम. निघालो सांगलीवाडीलाच. कुठं आलो ते कळंना म्हणून गप पडलो हुतो."

मग त्यानं सगळं सांगितलं. गाव खंडाळ्याजवळचं. पोहायला शिकला तो गावच्या लालासाहेबांच्या मळ्यातल्या विहिरीत, पाठीला वाळका भोपळा बांधून. विहिरीत सरळ जायला जागा कुठली? गोल गोल फिरायचं, तेही डावीकडंच वळत, कारण उजव्या अंगाला मोटर लटकलेली. ते वळण अंगात मुरलं ते मुरलंच. पालथं पोहताना तळाची रेघ दिसते. पण हा पोहणार पाठीवर! छप्पर असलेल्या तलावात वरची तुळई बघून तो नीट जायचा. मोकळं आभाळ आलं, की चालला विहिरीत.

"पुढल्या महिन्यात परदेशी सगळ्या खेळांची मोठी स्पर्धा हाय. तिथला तलाव उघडा. मागल्या खेपेला असंच झालं... पदक हातात आलेलं. शेवटाला वाकडा गेलो, खांदा कडेच्या दोरीला घासला. चौथा." तो कपाकडं बघत राहिला. "आता माझ्या मागं कोवळी पोरं रांगेत हायेत. ही खेप गेली तर परत न्हाई. म्हणून सुट्टीत आपाकडं आलो. म्हटलं, नदीवर आभाळ तरी मोठं मिळंल."

माझी जीभ एरवी तलवारीसारखी चालते. त्या घडीला मात्र मी गाडेवाल्याला त्याच्यासाठी आणखी एक चहा सांगितला. देशात पहिला आलेला माणूस, आणि आपली चूक अशी उघड्या हातानं समोर ठेवतो! मला तो तिथंच आवडला. उगाच कशाला खोटं बोलू?

गुंडादादानं हुकूम सोडला, एकट्यानं पाण्यात उतरायचं नाही, घाटाशी बोट तयार पाहिजे. बोटीवर कुणाची पाळी? माझी. मी स्वतःच मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी मी त्याला म्हटलं, "पुढचं दिसत न्हाई ना तुमाला? मग मागं बघत जावा."

"मागं काय बघू?"

"मला!... म्हंजे, बोटीला."

"बोटीलाच बघायचं का फक्त?"

मी न ऐकल्यासारखं केलं आणि घाटाशी बोट बांधून वल्हं उभं केलं. त्याला माझी ओढणी गाठ मारून लावली. हळदी रंगाची, मामेबहिणीच्या लग्नात घेतलेली. आमच्या अब्बांची मार्केट यार्डात हळदीची पेढी आहे, त्यामुळं घरात पिवळ्याला तोटा नाही. पण ही माझी सगळ्यात लाडकी.

"पोहताना हनुवटी जराशी खाली. पायाच्या दोन अंगठ्यांच्या मधी ही ओढणी दिसली पायजे. एका अंगाला सरकली, की समजायचं, विहीर आली!"

तो निघाला. काय सांगू तुम्हाला... एक हात पाण्यातून अलगद वर यायचा, कानाजवळून मागं जायचा, तोवर दुसरा वर. आवाज नाही, शिंतोडा नाही. धुक्यात तो लांब लांब जाताना घाटावर कपडे धुणाऱ्या बायकांचे हातसुद्धा थांबले. मी त्याच्या खांद्यांकडं बघत नव्हते हं, सराव बघत होते!

पहिल्यांदा तो पार वाकडा गेला. दुसऱ्यांदा कमी. पुढचे सगळे दिवस आमचं हेच. मी घाटावरून ओरडायची, "विहीऽऽर!" तो तिकडून हात वर करायचा आणि सुधारायचा. परत आल्यावर कुडकुडत विचारायचा, "आज किती शिव्या?"

"मोजल्या न्हाईत."

"उद्या जरा जास्त द्या. लय बरं वाटतं ऐकाया."

सुट्टी संपत आली तसा तो पार सांगलीवाडीच्या घाटाच्या मधल्या पायरीला हात लावायला लागला. दोरी धरल्यासारखा सरळ. त्यानं तिथून हात हलवला तेव्हा माझे डोळे भरून आले. एवढा मोठा खेळाडू, पण शिकताना लहान पोरासारखा ऐकायचा.

शेवटच्या सकाळी बघते तर ओढणी गायब! बोटीच्या कडेवर वाळत घातली होती, कपडे बदलून येते तर नाही.

"वाऱ्यानं गेली असंल," फरदीन एकदम साधा चेहरा करून म्हणाला. "पाण्यात पडली असंल बघा."

"माझी लाडकी ओढणी हुती ती! आणि तुमी बघत बसला? देशात पहिला नंबर, आणि एक ओढणी धरता ईना?"

भांडता भांडता एसटीची वेळ झाली. मला वाटलं, आता तरी काही बोलेल. तो बॅग खांद्यावर घेऊन उभा राहिला. "अल्फिया..." पहिल्यांदाच मॅडम न म्हणता. "दुवा कर," एवढंच म्हणाला आणि गेला. असला राग आला! ओढणी गेली ती गेली, वर हा असा.

स्पर्धेच्या दिवशी अब्बा दुपारीच पेढी बंद करून आले. परवीनआपा, गुंडादादा, शेजारपाजारचे, सगळे आमच्या टीव्हीसमोर. त्याची शर्यत म्हणजे तलावाची एकच लांबी. इकडून सुटायचं, तिकडं टेकायचं. अंतिम फेरीत तो पोहोचला होता. मी मात्र दाराशी उभी, बसवतच नव्हतं.

सगळे पाण्यात उतरले, भिंतीला धरून अंग वर ओढून राहिले. कॅमेरा सुटायच्या जागेमागच्या आपल्या खेळाडूंवर गेला... आणि कठड्याला बांधलेलं काहीतरी पिवळं वाऱ्यावर हललं.

लसूण सोलणारी अम्मी थांबली. "अगं अल्फे... ती तुझी ओढणी न्हवं?"

"तसल्या पिवळ्या लय असत्यात, अम्मी."

"कोपरा जळलाय बघ. तूच जाळलीस, इस्त्री ठेवून."

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. तेवढ्यात भोंगा वाजला म्हणून बरं!

तो सुटला. डोळे मागं, ओढणीवर. दोन्ही दोऱ्या दोन्हीकडं तशाच लांब. "सरळ... सरळ..." मी पुटपुटत होते, मग कधी ओरडायला लागले कळलंच नाही. शेजारचा अर्धा हात पुढं होता. शेवटाला, जिथं मागल्या खेपेला घात झाला, तिथं मी डोळे गच्च मिटले. गुंडादादाच्या आरोळीनं घर हादरलं. तिसरा! कांस्यपदक! परवीनआपा माझ्या गळ्यात पडून रडायला लागली, आणि मी तिच्यापेक्षा मोठ्यानं.

थोड्या वेळानं आपाचा फोन वाजला. पडद्यावर तो, केसांतून पाणी गळतंय, गळ्यात पदक.

"आपा, ती हाय का तिथं?"

आपानं फोन माझ्या तोंडासमोर धरला. आजूबाजूला अख्खी गल्ली आहे, हे त्याला काय माहीत!

"अल्फिया, ओढणी म्या नेली. तुला तवाच सांगणार हुतो, पण... धीर झाला न्हाई. म्हटलं, आधी सरळ पोहून दावतो. मला पुढचं कवाच दिसत न्हाई गं, मागं सोडून आलेलंच दिसतं. ह्या खेपेला मागं तू होतीस. आता पुढं बी तूच पायजेस. लय आवडतीस तू मला."

अब्बा खाकरले. त्यांनी हात पुढं करून फोन घेतला. पलीकडचा चेहरा पांढराफटक!

"फरदीन बेटा, मुबारक. लय नाव काढलंस. पण आमच्या घरची वस्तू न विचारता नेलीस."

"व्हय चाचा... चुकलं माझं..."

"मग घरच्यांना संगं घेऊन सांगलीला ये." अब्बांनी माझ्याकडं तिरकं बघितलं. मी मान खाली घातली, पण हसू काही लपेना. तेवढं त्यांना पुरलं. "हळदीची काळजी करू नगंस. पेढी आपलीच हाय."

हसण्याचा असा काही गलका उठला की विचारू नका. आणि मी? मी अब्बांच्या हातातला फोन ओढून घेतला आणि जे पहिलं तोंडात आलं तेच बोलले.

"आणि येताना ओढणी धुऊन आण!"