दुपारचं दूध

ही गोष्ट रात्रीची नाही. ते आधीच सांगून टाकते.

यातलं जे काही कुणी डोळ्यांनी पाहिलं, ते भर दुपारी पाहिलं. खिडक्या उघड्या होत्या, खाली रस्त्यावर हॉर्न वाजत होते, समोरच्या गच्चीवर कपडे वाळत होते. तीनच्या पुढे, साडेतीनच्या आत. तिसरा मजला, आतली खोली.

माझ्या मावसबहिणीचं घर ते. मी तिला ताई म्हणते. तिनं हे मला एकदाच सांगितलं, आणि सांगताना एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. खोटं बोलणारा माणूस पटतंय का ते बघायला दहा वेळा आपल्या तोंडाकडे पाहतो.

ताई पोस्टात पार्सलच्या खिडकीवर बसते. अकरा वर्षं झाली. पुडकं हातात घेतलं की काट्यावर ठेवायच्या आधीच ती वजन सांगते, आणि दहा-वीस ग्रॅमच्या वर चुकत नाही. तिच्या ऑफिसात तिला 'काटा' म्हणतात. ती बाळंतपणाच्या रजेवर निघाली तेव्हा पोस्टमास्तर म्हणाले होते, आता आम्हाला खरा काटा दुरुस्त करून घ्यावा लागणार.

लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर मुलगा झाला. नवऱ्यानं पहिल्या तासातच त्याला 'साहेब' म्हणायला सुरुवात केली. का, तर सगळे त्याच्यापुढे उभे आणि तो एकटाच आडवा.

पण साहेबांना पाजायला दूध नव्हतं.

वॉर्डातला पहिला दिवस गेला. ताई त्याला छातीशी धरायची. तो ओढायचा, सोडायचा, तोंड लालभडक करून रडायचा. सिस्टर समजावून गेली... पहिलटकरणीला तिसऱ्या-चौथ्या दिवशीच उतरतं, घाबरायचं नाही, लावत राहायचं, बाळ जितकं ओढेल तितकं येईल. ताईनं मान डोलावली. पण कानात शिरलं ते फक्त त्याचं रडणं.

शेजारी, खिडकीजवळच्या खाटेवर, एक बाई होती.

तिचं मूल जन्मतानाच गेलं होतं. पाळणा उचलून नेला होता. दूध मात्र आलं होतं. त्याला कोण सांगणार, की प्यायला कुणी नाही म्हणून? गाऊन पुढून सारखा भिजायचा, आणि ती बाई छातीशी टॉवेल दाबून भिंतीकडे बघत बसायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळा वॉर्ड पेंगत होता. सिस्टर चहाला गेली होती. साहेबांचा रडून रडून घसा बसला होता.

"दे इकडं," ती बाई म्हणाली.

एकीचं मूल दुसरीनं पाजायचं नाही, असा कागद भिंतीवर लावलेला होता. ताईनं तो वाचला होता. पोस्टातली बाई, नियम वाचल्याशिवाय थोडीच राहते?

तरी तिनं दिलं.

आणि मग तो आवाज आला. बाळ पोटात दूध घेतं तेव्हा येतो तो.

घुटुक... घुटुक... घुटुक...

ती बाई त्याच्यावर वाकली होती. ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होती.

*थेंबा रे थेंबा, खाली ये,*
*इवल्या ओठी घर घे.*
*आलास तर मग जाऊ नको,*
*दुसरं दार पाहू नको.*

परत घेताना ताईच्या हातांना कळलं. चाळीसेक ग्रॅम वाढलेत.

संध्याकाळी सिस्टरनं ओला लंगोट पाहिला आणि म्हणाली, आलं वाटतं दूध? ताई हो म्हणाली. तेवढा एक शब्द. पण तो सासूबाईंनी ऐकला, नवऱ्यानं ऐकला, फोनवरून माझ्या मावशीनं ऐकला. सगळ्यांचे चेहरे असे उजळले की मग खरं सांगायला जागाच उरली नाही. तिसऱ्या दिवशीही सिस्टरची पाठ वळली की पोर त्या खाटेवर जायचं. पाच वेळा गेलं, की सहा... ताईला आता आठवत नाही.

चौथ्या दिवशी पहाटे ती बाई वारली. रक्त थांबलंच नाही.

ताई उठली तेव्हा शेजारची गादी गुंडाळून ठेवलेली होती. त्याच दुपारी ताईला घरी सोडलं.

घरी आल्यावर ताईला दूध आलं. थोडं, पण आलं. नवरा घरात नसताना ती आनंदानं एकटीच रडली. साहेबांना जवळ घेतलं...

त्यानं तोंड फिरवलं.

तिनं बाजू बदलली. त्यानं पुन्हा फिरवलं. गुपचूप बाटली आणली, तर जिभेनं ढकलून दिली. रडला मात्र नाही. भरल्या पोटाच्या माणसाला वाढायला गेल्यावर तो जसा सभ्यपणे नको म्हणतो, तसं.

घरोघरी जाणारी एक सिस्टर होती, काखेत वजनाचा काटा घेऊन फिरणारी. ताईनं तिला विचारून विचारून भंडावलं. दिवसातून किती वेळा पाजायचं? आठ ते बारा. एका बाजूनं की दोन्ही? एक रिकामी होऊ दे, मग दुसरी. दुखलं तर? तर त्यानं नुसतं टोक धरलंय, तोंड मोठं उघडू दे, हनुवटी छातीला टेकू दे. पुरतंय हे कसं ओळखायचं? दिवसाला सहा लंगोट ओले झाले आणि वजन वाढलं की पुरतंय, बाकी शेजारणी काय म्हणतात तिकडे लक्ष द्यायचं नाही.

सहा लंगोट.

ताईनं मोजले. आठ होते.

जो पोरगा तिच्या अंगावर पीत नव्हता, बाटलीला शिवत नव्हता... त्याचे आठ.

सिस्टरनं काट्यावर ठेवलं आणि खूश झाली. सासूबाई म्हणाल्या, आमच्याकडचा गुण आहे तो, मीही माझ्या मुलाला असंच पाजलं, बघा कसा उंच झाला, अक्कल तेवढी दुधातून जात नाही त्याला मी काय करू. सगळे हसले. ताईही हसली.

त्या दुपारी तिनं साहेबांना आतल्या खोलीत निजवलं आणि गॅलरीत कपडे काढायला गेली. दहा मिनिटं. फार तर बारा.

परत येऊन त्याला उचललं, आणि ती जागच्या जागी थांबली.

जड होता.

हात थकलेत, असं तिनं स्वतःला सांगितलं. पोस्टातल्या इतक्या वर्षांत ते एकदाही थकले नव्हते. सत्तर ग्रॅम... ऐंशी. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात एक पांढरा थेंब होता. ताईनं तो बोटावर घेतला. कोमट होता.

दुसऱ्या दिवशी ती कपडे काढायला गेलीच नाही. दार ओढून घेतलं आणि बाहेर उभी राहिली. कान दाराला.

आधी काहीच नाही. नुसती शांतता. मग पाळण्याची कडी एकदा वाजली...

घुटुक... घुटुक...

आणि अगदी बारीक, कुणीतरी श्वासावर गावं तसं... *थेंबा रे थेंबा...*

तिनं दार ढकललं. खोलीत कुणी नव्हतं. पडदा हलत नव्हता. पोरगा जागा होता, आणि हसत होता. ताईकडे बघून नाही. तिच्या डाव्या खांद्याच्या जरा वर.

मला वाटलं होतं, ती सांगेल की मी घाबरले. ती म्हणाली, "घाबरायला वेळच नव्हता गं. मला मत्सर वाटला. माझं पोर, आणि पोट भरतंय तिच्याकडे."

सांगायचं तरी कुणाला? एक सांगितलं तर वॉर्डातलं सगळं सांगावं लागलं असतं. त्या 'हो'पासून. आणि इकडे कुणी ओढत नाही म्हटल्यावर तिचं स्वतःचं दूध आटत चाललं होतं. रोज थोडं.

शेवटी एका दुपारी ती साहेबांना मांडीवर घेऊन आतल्या खोलीत बसली. दोन्ही हातांनी घट्ट धरलं. येऊ दे तिला, म्हणाली. माझ्या मांडीवरून कशी नेते बघू.

तीन वाजले.

पाच मिनिटं गेली... दहा...

साहेबांनी तोंड उघडलं. समोर काही नव्हतं, नुसती हवा. त्याच हवेला त्याचे ओठ चिकटले. गाल आत गेले. हनुवटी टेकली... कशाला तरी टेकली. घसा हलू लागला.

आणि ताईच्या हातांत, तिच्या डोळ्यांदेखत, तो जड होत गेला.

"बास," ताई म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "माझा आहे तो. तू जा."

घुटुक थांबलं.

साहेबांचं तोंड तसंच उघडं राहिलं. वाट बघत.

त्या दिवसापासून त्यानं काही घेतलं नाही. ताईचं नाही, बाटलीतलं नाही, चमच्यानं नाही. आधी रडला. घसा फुटेस्तोवर रडला. मग रडायचाही थांबला, आणि ते जास्त वाईट होतं. लंगोट चार झाले. दोन. मग कोरडे. सासूबाईंचे विनोद बंद झाले. नवरा रजा काढून दाराशी नुसता उभा राहायचा. आणि ताईला तर काट्याचीही गरज नव्हती. उचलला की हात सांगायचे, आज इतका गेला.

तिसऱ्या दिवशी लहान मुलांच्या वॉर्डात नेलं. सलाईन लावलं. नळीनं दूध घातलं, ते उलटून आलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, सगळ्या चांगल्या आल्या. कारण सापडत नाही, असं ते नवऱ्याला बाजूला घेऊन म्हणाले. ताईनं ते ऐकलं.

कारण तिला माहीत होतं.

दुपार होती. नवरा औषधं आणायला खाली गेला. सासूबाईंना बाकावर डुलकी लागली. ताईनं साहेबांना गादीच्या मधोमध ठेवलं. शेजारी एका माणसाला बसता येईल एवढी जागा सोडली. आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

मग म्हणाली...

"ये बाई. पाज त्याला."

पाठीमागे गादी दबल्याचा आवाज आला.

ताईनं वळून पाहिलं नाही. भिंतीवरचा चुन्याचा एक पोपडा बघत राहिली. डोळ्यांतून पाणी, आणि गाऊन कोरडाठाक. मागून तो आवाज येत होता, एकामागून एक, न थांबता, जन्माचा तहानलेला असल्यासारखा.

घुटुक... घुटुक... घुटुक...

डॉक्टर म्हणाले, मुलं कधी कधी आपणहून सुधारतात. सासूबाईंनी सुनेची अलाबला घेतली. कुणी काही विचारलं नाही.

याला आता साडेतीन वर्षं झाली. मुलगा गुटगुटीत आहे. घरातलं सगळं खातो, खिडक्यांवर चढतो, बापाला घोडा करतो. फक्त रोज तीनच्या सुमाराला खेळ टाकून उठतो, आतल्या खोलीत जातो, आणि दार लोटून घेतो. दुपारची झोप, असं घरात म्हणतात.

गेल्या महिन्यात मी गेले होते. दार लोटलेलं होतं. आम्ही दोघी बाहेर बसलो होतो, आणि तेव्हाच ताईनं हे सगळं सांगितलं, हलक्या आवाजात, मांडीवरचा एकच मोजा पुन्हा पुन्हा घडी करत. मी विचारलं, मग आता अंगावरचं तोडायचं कधी? एवढा मोठा झाला.

"सिस्टरना विचारलं होतं मी," ती म्हणाली. "त्या म्हणाल्या, आईच्या मनात येईल तेव्हा."

मोज्याची घडी झाली. तिनं ती मोडली.

"कुठल्या आईच्या, ते कसं विचारणार?"

तेवढ्यात दार उघडलं. तो डोळे चोळत बाहेर आला. वरचा ओठ ओला होता. आमच्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मावशी, झालं माझं."

त्या घरात त्याची मावशी मीच. मी हात पुढे केला. म्हटलं, ये.

त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

तो ताईकडे बघत होता.

"बरं," ताई म्हणाली, आणि पदरानं त्याचं तोंड पुसलं.