झाडाखालची दुपारची झोप

ओट्यावरून चमचा घसरला, टण्णकन वाजला, आणि नुकता डोळा लागलेली ठमी टुणकन उठून बसली. आईने उघडलेला लॅपटॉप मिटला. अहवाल पुन्हा लटकला.

अहवाल मातीचा होता. घरामागच्या झाडीत आई काचेची भांडी जमिनीवर उपडी घालायची आणि आत साठलेली हवा प्रयोगशाळेत तपासायची. कुजक्या पाल्यातल्या बुरशीमुळे तिथे गुंगी आणणारा क्लोरोफॉर्म तयार होई. त्याला ना कारखाना लागे, ना माणूस. पण इतका थोडा, की प्रयोगशाळेतले साहेब हसून म्हणाले होते, त्याने मुंगीलासुद्धा जांभई यायची नाही.

तरी त्या दुपारी ठमीला झाडाखाली सतरंजीवर टेकवलं मात्र, पोर गाढ झोपली. आई खिडकीशी बसून लिहीत राहिली. मग ते रोजचंच झालं. सासूबाईंचा फोन आला की ती सांगे, झोपलीय माझ्या कुशीत. सांगताना कान तापत.

एकदा तिने झोपलेल्या ठमीच्या उशाशी भांडं उपडं घातलं. क्लोरोफॉर्मचा आकडा भलताच मोठा आला. साहेब म्हणाले, यंत्र बिघडलंय, पुन्हा बघा. ठमी घरात असताना त्याच जागेची हवा साधी निघाली. ती तिथे झोपली की आकडा पुन्हा चढे.

आता बास, असं तिने ठरवलं. तेवढ्यात साहेबांचा निरोप आला, अहवाल आजच हवा. नाहीतर काम दुसऱ्या कुणाला देऊ. आजचा दिवस फक्त, असं मनाला समजावत तिने सतरंजी उचलली.

शेवटची ओळ लिहून तिने मान वर केली. बाहेर एकही पाखरू बोलत नव्हतं.

ती धावत गेली.

ठमीचा श्वास चालू होता. केसांना गोडसर वास येत होता. अंगावर सुक्या पाल्याचं पांघरूण होतं, दोन्ही कडा नीट अंगाखाली खोचलेल्या.

वारा नव्हता.

पोरीला उराशी धरून तिने घर गाठलं, कडी लावली. लाजेने तिच्या तोंडाकडे बघवेना. खाली मान घालून ती थोपटू लागली.

ठमीने डोळे किलकिले केले. आईचा हात धरून गालाला लावला आणि लगेच दूर केला.

"आई, झाडाखाली थोपटतेस तेव्हा किती गार असतो. घरात तुझा हात असा गरम का गं?"