लातूरला जायचा फोटो

नगरहून कडा गावी येणाऱ्या एसटीत वीरेश मांडीवर एक खोकं घेऊन बसला होता. खोकं गोधडीत गुंडाळलेलं. खड्डा आला की तो ते दोन्ही हातांनी छातीशी धरायचा.

शेजारच्या बाकावरची मुलगी बराच वेळ बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"किती महिन्यांचं हाय?"

"काय?"

"बाळ. थंडी लागू न्हाई म्हणून एवढं गुंडाळलंय..."

मागची दोन माणसं हसली. वीरेशचे कान लाल झाले. "स्कॅनर हाय. निगेटिव्हचा फोटो कॉम्प्युटरवर घ्यायचं मशीन."

"म्हणजे रडत न्हाई. सोपंय मग."

कड्याला दोघंही उतरले. वीरेश पायऱ्या उतरत असताना तिनंच खोकं धरलं आणि खाली त्याच्या हातात दिलं. बोटाला बोट लागलं आणि — टच्! दोघांनाही चटका बसला. तिच्या अंगावर लोकरीची शाल होती, शालीखाली झुळझुळीत नायलॉनची साडी, आणि हवा तर पापडासारखी कोरडी.

"आई गं! चावतंय की तुमचं बाळ!" ती म्हणाली आणि हात झटकत, हसत बाजारपेठेकडे निघून गेली. वीरेश खोकं धरून तिथंच उभा राहिला. कंडक्टरनं घंटी मारली तेव्हा तो बाजूला झाला.

एकोणीसशे नव्याण्णवचा डिसेंबर होता. वीरेश पुण्यात एका फोटो लॅबमध्ये कामाला होता. वडील गेल्यावर आई, शिवकांताबाई, एकटी पडली म्हणून तो गावी परतला. पुढच्या खोलीत कॉम्प्युटर मांडला, शेजारी स्कॅनर ठेवला, आणि जुन्या निगेटिव्हवरून फोटो करून मिळतील अशी पाटी दाराला लावली.

चार-आठ दिवसांनी त्या पाटीखाली भीमाशंकरअप्पा येऊन उभे राहिले. बाजारपेठेत त्यांचं कापडाचं दुकान होतं. त्यांच्या मागं बसमधली मुलगी.

"ही आमची रुद्राणी," अप्पा म्हणाले. "हिचा एक फोटो पायजे. लातूरला पाठवायचाय, स्थळ आलंय. संक्रांतीच्या आत पोचला पायजे. जालन्याच्या पाव्हण्यांनी पयला फोटो दाबूनच ठेवला, निगेटिव्ह तेवढी राहिली."

"नवा काढला तर?" वीरेशनं विचारलं.

"नको. ह्या फोटूत पोरगी हसती. स्टुडिओत बसवलं की पंचनाम्याला आल्यासारखं तोंड करती."

"अप्पा!" रुद्राणी म्हणाली. मग वीरेशकडे बघून हळूच, "बाळ बरं हाय का?"

वीरेशनं मान खाली घालून निगेटिव्ह घेतली. लातूर हा शब्द त्याला त्या दिवशी पहिल्यांदाच आवडला नाही.

निगेटिव्ह काचेवर ठेवायची, वरच्या झाकणातला दिवा लावायचा, आणि चित्र हळूहळू पडद्यावर उतरायचं. चित्र उतरलं. कुणाच्या तरी लग्नात हसणारी रुद्राणी. पण कपाळावर, गालावर, हनुवटीवर पांढरे ठिपके.

"हे काय? मला गोवर आलाय का?" रुद्राणीनं विचारलं.

"धूळ हाय. फिल्मवर बारीक कण बसला की फोटोत पांढरा ठिपका येतो."

"एवढंच ना?" असं म्हणून तिनं निगेटिव्ह उचलली आणि साडीच्या पदरानं खसाखसा पुसली.

"अहो, नका!" वीरेश ओरडला. "पुसलं की फिल्ममध्ये वीज भरती. मग आसपासची सगळी धूळ तिला येऊन चिकटती. त्यात ही साडी असली..."

"असली म्हंजी?" अप्पांच्या भुवया वर गेल्या. "आमच्या दुकानातली साडी हाय ती!"

"साडी चांगलीच हाय, अप्पा. पण त्या... त्या सुती नेसून आल्या तर..."

आपण काय बोललो हे वीरेशला कळलं तेव्हा उशीर झाला होता. आत स्वयंपाकघरात शिवकांताबाईंच्या हातातलं भांडं पडलं.

दुसऱ्या दिवशी रुद्राणी सुती साडी नेसून आली. फिक्या निळ्या रंगाची, आईची जुनी. अप्पांना दुकान सोडता येत नव्हतं आणि शिवकांताबाई घरात होत्याच, म्हणून फोटो होईपर्यंत येण्याजाण्याची परवानगी मिळाली.

मग धुळीशी लढाई सुरू झाली. उसाचे ट्रॅक्टर दिवसभर दारावरून जायचे. वीरेशनं खिडकीवर ओली चादर टांगली. जमीन झाडायची बंद केली, ओल्या फडक्यानं पुसायला लागला. पंखा बंद. स्वेटर बाहेरच्या खुंटीला. निगेटिव्हला हात लावण्याआधी अंगातली वीज जावी म्हणून अंगणातल्या नळाच्या लोखंडी पाइपाला हात लावून यायचं, मग सुती हातमोजे घालायचे. पुसायचं मुळीच नाही, औषधाच्या दुकानातून आणलेल्या रबरी फुग्यानं हलकेच हवा मारायची.

"तुमी निगेटिव्हला फुंकर घालताय का जखमेला?" रुद्राणी विचारायची.

"तुमी जरा लांब बसा. बोलताना हवा येती."

"मग बोलू नको?"

"बोला की... लांबून बोला."

ती लांब बसायची आणि दुपटीनं बोलायची. दुकानात साडी न घेता सगळे गठ्ठे उपसून जाणाऱ्या बायकांच्या नकला करायची. वीरेश काचेकडे बघत हसायचा. पण चित्र पडद्यावर आलं की ठिपके होतेच. आणि रोज नव्या जागी! काल गालावर होते, आज कपाळावर.

कॉम्प्युटरवर एकेक ठिपका मिटवता येत होता. पण तसं केलं की गाल लिंपलेल्या भिंतीसारखा दिसायचा, आणि हसताना पडणारी बारीक घडी नाहीशी व्हायची. वीरेशला ते पटेना. तो चेहरा मोठा करून कणाकणानं बघत बसायचा. डाव्या भुवईत एक केस उलटा होता. वरचा एक दात किंचित पुढे होता. माणूस रोज समोर असलं तर इतकं कोण बघतं? बघायला पाहिजे, असं त्याला वाटायचं.

ठिपके दिसले की त्याला वाईट वाटायचं. उद्या ती पुन्हा येणार म्हणून बरंही वाटायचं. मग बरं वाटलं म्हणून स्वतःचीच लाज वाटायची. फोटो साफ झाला की ती लातूरला जाणार, हे त्याला ठाऊक होतं. तरी त्यानं एकदाही हात राखून काम केलं नाही.

एका सकाळी ओल्या चादरीच्या फटीतून उन्हाची तिरीप थेट काचेवर पडली होती. वीरेश निगेटिव्ह ठेवायला वाकला.

"थांबा! हलू नका," रुद्राणी म्हणाली. ती त्याच्या कपाळाकडे एकटक बघत होती.

"काय झालं?"

"आता परत वाका... जरासं."

तो वाकला. उन्हात पांढरी बारीक भुकटी चमकत चमकत खाली आली आणि काचेवर बसली. रुद्राणीनं तोंडावर हात धरला, पण हसू आवरेना.

"काकू! पळत या! धूळ सापडली. तुमच्या लेकाच्या कपाळावर हाय!"

शिवकांताबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. अंघोळ, पूजा आणि कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, त्याशिवाय कामाला बसायचं नाही, हा त्यांच्या घरचा नेम. विभूती वाळायची, वीरेश काचेवर वाकायचा, आणि देवाचं देणं रोज रुद्राणीच्या गालावर पडायचं.

"धूळ म्हणू नको गं, विभूती हाय ती," शिवकांताबाई म्हणाल्या. "आणि ती पुसायची न्हाई बरं का. सांगून ठेवते."

"पुसतंय कोण, काकू? वरून ओलं फडकं बांधू. विभूती जागेवर, फिल्म जागेवर."

वीरेशच्या हातात मोजे होते. मग रुद्राणीनंच आपला रुमाल ओला केला, पिळला आणि मागं उभं राहून त्याच्या कपाळावरून बांधला. गाठ मारायला तिला जरा जास्तच वेळ लागला. वीरेशनं श्वास रोखून धरला होता. धुळीसाठी नव्हे.

काच पुन्हा साफ केली. चित्र उतरलं. एकही ठिपका नाही.

बाहेरून उसाचा ट्रॅक्टर गेला. प्रिंटरमधून फोटो निघाला, वीरेशनं तो वाळवला, पाकिटात घातला.

"लातूरचे लोक... चांगले हाईत म्हणे," तो म्हणाला.

"म्हणे."

"धान्याची मोठी आडत हाय म्हणे."

"तुमाला लई माहिती हाय," रुद्राणी म्हणाली. मग टेबलाखालच्या टोपलीत टाकलेल्या आधीच्या प्रिंटकडे बोट दाखवलं. "तो ठिपक्यांचा फोटोपण द्या."

"तो वाया गेलेला हाय. कावून पायजे?"

"असू द्या. आठवण."

पाकीट आणि तो फोटो घेऊन ती स्वयंपाकघरात गेली, शिवकांताबाईंशी काहीतरी कुजबुजली आणि मागं न बघता निघून गेली. रुमाल वीरेशच्या कपाळावरच राहिला.

संक्रांतीच्या दिवशी भीमाशंकरअप्पा तरातरा चालत आले.

"वीरेश! भाईर ये बे! काय करून ठेवलंस हे?" त्यांनी फोटो टेबलावर आपटला. "लातूरवाल्यांकडनं फोटो परत आला, वर फोन. पोरीला लहानपणी कांजण्या आल्या होत्या का म्हणून विचारायलेत! वण असलेली पोरगी नको म्हणे!"

वीरेशनं बघितलं. फोटो ठिपक्यांचा होता.

"अप्पा, मी तर साफ फोटो दिलता..."

"मग तो कुठं गेला? उडाला?"

"न्हाई उडाला," शिवकांताबाई आतून म्हणाल्या. त्यांनी देव्हाऱ्यामागून पाकीट काढून आणलं. "हा बघा. तुमच्या लेकीनंच दिला त्या दिवशी. म्हणाली, आत्या, हा तुमच्यापाशीच राहू द्या."

"आत्या?" अप्पा खुर्चीत बसले. त्यांच्याकडे सासूला आत्या म्हणतात. "ती तर तुमाला काकू म्हणायची."

"त्या दिवसापासून आत्या म्हणायली."

दारात रुद्राणी उभी होती. अंगावर दुकानातली नवी नायलॉनची साडी, हातात तिळगुळाचा डबा.

"रुद्राणे, पाकीट तूच टपालात टाकलंस. मुद्दाम पाठवलास हा फोटो?"

"हो, अप्पा. ज्यांना चार ठिपके खपले न्हाईत, त्यांच्या घरात मी जन्मभर कशी खपले असते? साफ फोटो ज्यानं साफ केला त्याच्याच घरी ठेवला."

अप्पा वीरेशकडे वळले. "तुला ठाऊक होतं?"

"न्हाई."

"मग हसायलास कावून?"

"आता ठाऊक झालं म्हणून." मग वीरेशनं धीर केला. "अप्पा, काम मी मनापासून केलं. पण ठिपके निघायचे न्हाईत तेव्हा... मला बरंच वाटायचं."

अप्पा बराच वेळ दोन्ही फोटो आळीपाळीनं बघत राहिले. मग म्हणाले, "शिवकांताबाई, चहा टाका. पण एक सांगा, आमच्या दुकानातल्या साडीला नावं ठेवणारा जावई करून घ्यायचा कसा?"

"काम करताना नेसू नका म्हणलो, अप्पा," वीरेश म्हणाला. "एरवी ती साडी त्यांना... लई चांगली दिसती."

अप्पांनी हसू लपवायला मिशीवर हात फिरवला आणि चहाच्या निमित्तानं आत गेले.

रुद्राणी पुढे आली. "तिळगूळ घ्या."

"आधी नळाला हात लावून या," वीरेश म्हणाला. "ही साडी, ही हवा..."

"न्हाई लावत."

त्यानं हात पुढे केला. टच्! चटका बसलाच, बसमधल्यापेक्षा जोरात. पण या वेळी हात कुणीच मागं घेतला नाही.